एसईओ म्हणजे नक्की काय? मराठीत लिहिलेलं पान गुगलला सापडावं म्हणून काय करायचं

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर इथे निवांत वाचा. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव वेळापूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. आज पूर्ण पत्ता मुद्दाम सांगितलाय, कारण त्याचा आजच्या विषयाशी संबंध आहे.

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: "दादा, ब्लॉग काढला, आठ-दहा लेख टाकले, पण गुगलवर शोधलं तर कुठेच दिसत नाही. एसईओ करावं लागतं म्हणे. एक जण पैसे घेऊन करून देतो म्हणतोय, देऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आत्ता देऊ नका. नवीन माणसाला जेवढं एसईओ लागतं ते जवळजवळ सगळं फुकट आहे आणि फोनवरून होतं. एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. साध्या मराठीत सांगायचं तर, आपलं पान गुगलला वाचता यावं, समजावं आणि योग्य माणसासमोर ठेवता यावं अशी त्याची मांडणी करणं. आज हे एकच उदाहरण घेऊन बघू: समजा वेळापुरातल्या कुणाला पालखीच्या मुक्कामावर एक चांगलं पान लिहायचंय.

गुगल आधी काय करतं?

आपण काही शोधतो तेव्हा गुगल त्या क्षणी सगळं इंटरनेट फिरून येत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. त्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा, क्रॉलिंग. गुगलचा बॉट नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो. दुसरा, इंडेक्सिंग. वाचलेलं पान गुगल स्वतःच्या सूचीत नोंदवतं. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तसंच. तिसरा, रँकिंग. कुणी काही शोधलं की त्या सूचीतली कोणती पानं वर दाखवायची हे ठरतं.

म्हणून "माझं पान दिसत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, नक्की कोणत्या टप्प्यावर अडलंय? गुगलला पान माहीतच नसेल तर शीर्षक बदलून काही होणार नाही. आणि पान सूचीत असून पाचव्या पानावर दिसत असेल तर ते पुन्हा पुन्हा सबमिट करून उपयोग नाही.

हे तपासायला गुगल सर्च कन्सोल आहे. फुकट आहे. त्यात आपली साइट जोडायची, ती आपलीच आहे हे सिद्ध करायचं आणि साइटमॅप द्यायचा. साइटमॅप म्हणजे आपल्या सगळ्या पानांची यादी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही ती आपोआप बनवतात. मग वरच्या चौकटीत कुठल्याही पानाचा पत्ता टाकला की ते इंडेक्समध्ये आहे की नाही ते कळतं. नसेल तर 'इंडेक्सिंगची विनंती' करता येते. विनंती केली म्हणजे पान आलंच असं नाही, पण कारण तरी समजतं.

मजकूर हा मजकूरच असला पाहिजे

ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त राहून जाते. गावातली बहुतेक माहिती कुठे असते? व्हॉट्सॲपवर, जेपीजी पोस्टरमध्ये. यात्रेचं वेळापत्रक पोस्टरमध्ये, कीर्तनाची वेळ पोस्टरमध्ये, पाण्याच्या टँकरचा नंबरही पोस्टरमध्ये. दोन दिवसांनी ते खाली जातं आणि पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधलं गुगलला दिसत नाही. आणि तेच पोस्टर साइटवर फोटो म्हणून चढवलं, तर त्यातली अक्षरं मजकुरासारखी वाचली जातील यावर विसंबून राहू नका. पोस्टर लावा, पण खाली तीच माहिती टाइप करा.

दुसरा अडथळा जुन्या फाँटचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये डीटीपी केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत कॉम्प्युटरसाठी ती भलतीच अक्षरं असतात. कॉपी करून पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. गुगललाही तोच दिसतो. स्मरणिका, मंडळाचे अहवाल, जुने अंक असे कितीतरी पडून आहेत. नेटवर टाकण्याआधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या.

तिसरं म्हणजे ऑडिओ. आपण इथे तास-तास बोललो तरी ते शब्द लिहिलेले नसतील तर सर्चमध्ये सापडणं अवघड. म्हणून तर हा मजकूर आम्ही टाकतो!

आता, हे एवढं का महत्त्वाचं? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. पण गावाबद्दल गावाने मजकूर लिहिला नाही, तर शोधणाऱ्याला काय मिळणार? बाहेरच्या कुणीतरी चार ठिकाणांहून उचललेलं किंवा मशीनने भाषांतर केलेलं काहीतरी. वारीत पहिल्यांदा चालणारी ताई रात्री मुक्कामाची जागा शोधतेय आणि तिला चुकीची माहिती मिळाली, तर त्रास तिला होतो.

लोक कोणत्या शब्दांत विचारतात?

यालाच कीवर्ड रिसर्च म्हणतात. नाव मोठं आहे, काम सोपं आहे. आपल्या विषयावर माणसं गुगलला कोणत्या शब्दांत विचारतात ते शोधायचं.

पालखीचंच बघा. आपण लेखाला नाव देणार 'भक्तीचा महासागर'. पण असं कोण शोधतं? लोक शोधतात 'पालखी वेळापूरला कधी येणार', 'माउलींची पालखी मुक्काम', 'धावा कुठे असतो'. २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलून टाइप करता येतं. त्यामुळे बरेच जण दोन शब्दांऐवजी अख्खं वाक्य बोलतात.

इथे स्थानिक माहिती असणाऱ्याचा फायदा आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते. तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते. नवीन माणसाचा इथेच गोंधळ होतो. वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवरून वारकरी धावत उतरतात, तो धावा. याच ठिकाणावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे. मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी ठाकूरबुवाच्या समाधीजवळ रिंगण होतं आणि पालखी भंडीशेगावला जाते. आता 'दोन्ही पालख्यांचे मार्ग वेगळे कुठे होतात' याचं साधं उत्तर तुमच्या पानावर असेल, तर तुम्ही कुणाचा तरी खरा प्रश्न सोडवलात. वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी वेगळं पान करा. एका पानात सगळं कोंबू नका. एक पान, एक मुख्य प्रश्न.

दुसरं उदाहरण शेतीचं. सरकारी पुस्तिकेत 'ऊस लागवड' असतं. आपल्या भागात शेतकरी म्हणतो 'लागण'. पुस्तिकेत 'को ८६०३२' असतं, बांधावर नुसतं '८६०३२'. मग पानात दोन्ही शब्द सहज येऊ द्या. 'आडसाली लागण कधी करायची' असं उपशीर्षक द्या आणि खालच्या मजकुरात लागवड हा शब्दही येऊ द्या. बहुतेक जण आकडे इंग्रजीत टाइप करतात, म्हणून वाणाचा नंबर एकदा इंग्रजी आकड्यांतही लिहा.

हे शब्द मिळवायचे कुठून? गुगलच्या चौकटीत निम्मा प्रश्न टाइप करून थांबा. खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या शोधांवरूनच आलेल्या असतात. 'लोक हेही विचारतात' ही चौकट दिसली तर तीही वाचा. गुगल ट्रेंड्सवर कोणता शब्द कोणत्या महिन्यात वर जातो ते कळतं. आणि सगळ्यात चांगलं साधन म्हणजे एसटी स्टँड किंवा दुकानाचा कट्टा. लोक तिथे जे विचारतात, तेच फोनवर शोधतात.

वेळापूर, वेलापूर की बेलापूर?

आता पूर्ण पत्त्याचं कारण. वेळापूर हे नाव कुणी 'वेलापूर' लिहितं, इंग्रजीत तर ळ आणि ल एकच. शिवाय नवी मुंबईत बेलापूर आहे, श्रीरामपूरजवळही बेलापूर आहे. एका अक्षराचा फरक! नुसतं गावाचं नाव लिहिलं तर माणूसही गोंधळतो, गुगलही गोंधळू शकतं. म्हणून पानाच्या पहिल्या परिच्छेदात एकदा 'वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर' असं स्पष्ट लिहा. आपल्या राज्यात एकाच नावाची गावं ढीगभर आहेत, त्यामुळे हा नियम सगळ्यांनाच लागू आहे.

आता थोडं तांत्रिक. मराठीत काही अक्षरं दिसायला सारखी, पण आतून वेगळी असतात. 'ॲप' मधला 'ॲ' हे २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर आहे. पण काही कीबोर्ड अजूनही 'अ' वर चंद्र चढवून तो बनवतात. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मधे एक न दिसणारं चिन्ह असतं. गुगल अशी बरीच रूपं जुळवून घेतं, पण सगळीच घेईल असं समजू नका. पूर्ण साइटवर एकच कीबोर्ड आणि एकच लेखनपद्धत ठेवा. मुद्दाम चुकीची स्पेलिंग पेरत बसू नका, वाचणाऱ्याला ते घाण दिसतं.

शीर्षक आणि पानाचा पत्ता

सर्चमध्ये निळ्या अक्षरांत दिसतं ते शीर्षक. 'माझी वारी' या शीर्षकावरून काहीच कळत नाही. 'माउलींची पालखी वेळापूरला: मुक्काम, धावा आणि रस्त्याची माहिती' हे वाचून माणूस ठरवू शकतो की उघडायचं की नाही. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला ठेवा, कारण फोनवर लांब शीर्षक मधेच कापलं जातं.

शीर्षकाखाली दोन ओळींचा सारांश असतो, त्याला मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. त्याने रँक वाढत नाही आणि गुगल कधी कधी स्वतःच्या मनाने दुसरा मजकूर दाखवतं. तरी लिहा, कारण चांगला सारांश वाचून माणूस क्लिक करतो. 'मेटा कीवर्ड' नावाची चौकट दिसली तर सोडून द्या. रँकिंगसाठी ती आम्ही वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच सांगितलंय.

आता पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर त्यातली देवनागरी गाळतं आणि पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' एवढंच इंग्रजीत उरतं. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण शेअर करताना बऱ्याचदा तिचा टक्क्यांच्या खुणांचा लांब गुंता होतो. हिशोब बघा: 'वेळापूर' मध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने ७ चिन्हं आहेत, कारण काना-मात्रा वेगळे मोजले जातात. प्रत्येक चिन्हाला पत्त्यात ९ अक्षरं लागतात. म्हणजे एका गावाच्या नावाला ६३ अक्षरं! वर्डप्रेसची मर्यादा २०० ची, त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. देवनागरी पत्ता गुगलला चालतो, पण पाठवायला आणि वाचायला त्रास होतो. सोपा उपाय म्हणजे प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः द्या. इंग्रजी अक्षरांत तीन-चार शब्द आणि मधे आडवी रेघ.

पत्त्यात वर्ष टाकू नका

आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. तारीख दरवर्षी बदलते, पण लोकांचा प्रश्न तोच राहतो. बरेच जण दरवर्षी नवं पान काढतात आणि जुनं तसंच सोडून देतात. मग दोन गोष्टी होतात. जुन्या पानाला मिळालेल्या लिंक आणि ओळख नव्याला मिळत नाही. आणि गेल्या वर्षीची तारीख वाचून कुणीतरी चुकीच्या दिवशी रस्त्यावर येऊन उभं राहतं.

म्हणून पानाचा पत्ता कायमचा ठेवा, वर्षाशिवाय. दरवर्षी वेळापत्रक जाहीर झालं की त्याच पानावर तारखा बदला, शीर्षकात चालू वर्ष घाला आणि वर 'माहिती अमुक तारखेला तपासली' असं लिहा. फक्त तारीख बदलून मजकूर जुनाच ठेवणं मात्र फसवणूक आहे. हे काम वारीच्या एक-दोन महिने आधी करा. गुगलच्याच सांगण्यानुसार काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. पालखी माळशिरसला आल्यावर पान लिहायला बसलात तर उशीर झालेला असेल.

लिंक म्हणजे ओळख

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली, त्यावर गुगल उभं राहिलं. एखाद्या पानाला किती आणि कोणती पानं लिंक देतात, त्यावरून त्याचं वजन ठरवायचं. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात ना, तसंच. मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो त्यापेक्षा गावातली चार शहाणी माणसं काय सांगतात ते लोक धरतात. आणि कोण सांगतंय यालाही किंमत असते. आज रँकिंगमध्ये इतर अनेक गोष्टी बघतात, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही.

सुरुवात आपल्याच पानांपासून करा. पालखीच्या पानावरून मंदिराच्या पानाला लिंक द्या. ती देताना 'इथे क्लिक करा' असं लिहू नका, 'वेळापूरचं अर्धनारी नटेश्वर मंदिर' या शब्दांवर द्या. मग बाहेर: कॉलेजची साइट, गावावर लिहिणारे इतर लोक, दिंडीचं पान. त्यांना खरंच उपयोगी पडेल असं काही तुमच्याकडे असेल तर सांगा, आवडलं तर ते लिंक देतील. लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये असल्या लिंकवर वर चढलेल्या साइट्स खाली गेल्या होत्या.

फोनवर उघडतं का?

गुगल तुमच्या साइटचं मोबाइलवर दिसणारं रूप वाचून सूची करतं. त्यामुळे लॅपटॉपवर कितीही छान दिसलं तरी फोनवर काय होतं ते बघा. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. हा निकष बहुतेक वेळा फोटोंमुळे चुकतो. फोनमधला ४-५ एमबीचा फोटो थेट चढवू नका. आधी लहान करा, २०० केबीच्या आसपास आणा. आणि प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते एका वाक्यात. दृष्टी नसलेल्या वाचकाला त्याचा फोन तेच वाचून दाखवतो.

वारीत एका गावात इतके फोन एकत्र येतात की नेटवर्क रडायला लागतं. तेव्हा हलकं पानच उघडतं.

कुणी गॅरंटी देत असेल तर

"पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी!" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. 'लेख हजार शब्दांचा हवाच' असाही काही नियम नाही. प्रश्नाचं उत्तर तीनशे शब्दांत होत असेल तर तीनशे पुरेत. एआयकडून शंभर लेख काढून टाकायचा मोह होईल. रँकिंगसाठी घाऊक भावात निरुपयोगी पानं टाकणं हे मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. एआयकडून शुद्धलेखन तपासून घ्या, हरकत नाही. पण धाव्याच्या दिवशी गाडी कुठे लावायची, हे त्याला गावातल्या माणसाएवढं कुठून माहीत असणार?

आणि तुमचं दुकान किंवा रोपवाटिका असेल तर साइटच्याही आधी गुगल बिझनेस प्रोफाइल काढा. फुकट आहे, मॅपवर दिसतं.

या आठवड्यात एवढं करा

१. सर्च कन्सोलमध्ये साइट जोडा, साइटमॅप द्या.
२. तुमच्या तीन मुख्य पानांची शीर्षकं लोकांच्या प्रश्नांच्या शब्दांत लिहा. पानाच्या सुरुवातीला गाव, तालुका, जिल्हा टाका.
३. पोस्टरमध्ये अडकलेली एक तरी माहिती टाइप करून काढा.
४. फोटो लहान करा, ऑल्ट टेक्स्ट द्या.
५. आपल्या पानांना आपसात लिंक द्या.
६. महिन्याने सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. एखाद्या शोधात पान खूप वेळा दिसलं पण क्लिक कमी आले, तर शीर्षक सुधारा. पान अकरा ते विसाव्या जागेवर असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर अजून नीट लिहा.

जुनी प्रसिद्ध पानं प्रकाशित झालेल्या प्रकाशित पत्त्यांवर असतील तर मात्र पत्ते उगाच बदलू नका, त्यांना मिळालेल्या लिंक तुटतील. पत्त्याचा नियम नव्या पानांपासून लावा.

मोठ्या शब्दांवर मोठ्या साइट्स बसल्यात. 'पंढरपूर वारी' या दोन शब्दांवर नवा माणूस लगेच वर येणार नाही. पण 'वेळापूरच्या मुक्कामात पाणी कुठे मिळतं' याचं उत्तर कुणी लिहिलंय का ते बघा. नसेल, तर ती जागा तुमची आहे.

तुमच्या गावाचा असा एखादा प्रश्न असेल, ज्याचं उत्तर गुगलवर मराठीत मिळत नाही, तर मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातला एक निवडून पान कसं लिहायचं ते सुरुवातीपासून करून दाखवतो. चला, भेटू!